मालनचे दोन आवाज

मालिका संपली की पडद्यावर नावांची रांग पळत जाते. ती कुणी वाचत नाही, कारण तोवर बायका उठून कुकर लावायला गेलेल्या असतात. त्या रांगेत, 'केशभूषा'च्या खाली आणि 'चहापान व्यवस्थे'च्या वर, अडीच वर्षं एक ओळ होती : 'भाषा मार्गदर्शन – रेहाना नदाफ'. आमच्या कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेच्या गल्लीत मात्र ती ओळ वाचली जायची. माझी नणंद मोबाइलवर ते चित्र थांबवून त्याचा फोटो काढायची आणि सगळ्या नातेवाइकांना पाठवायची. लोक विचारायचे, हे काम म्हणजे नेमकं काय? मी सांगायची, नटांना बोलायला शिकवते. त्यावर आमच्या शेजारचा सुतार एकदा म्हणाला, "एवढी घोड्याएवढी झाली तरी बोलाय येत न्हाई व्हय त्यास्नी?"

त्याची शंका रास्त होती. म्हणून आधी काम सांगते. मालिका एका साखर कारखान्याच्या चेअरमनच्या घरातली. शूटिंग गडमुडशिंगीजवळ भाड्यानं घेतलेल्या एका बंगल्यात चालायचं, पण गोष्ट लिहिणारे मुंबईत बसायचे. सीन सकाळी फोनवर यायचा. त्यांनी तो शाळेच्या मराठीत लिहून 'आहे'च्या जागी 'हाय' आणि 'नाही'च्या जागी 'न्हाय' भरलेलं असायचं, की झालं त्यांचं कोल्हापूर. मी तो मोठ्यानं वाचायची, खोडायची, इथल्या तोंडात बसेल असा करायची आणि एकेका नटाला बोलून दाखवायची. शूटिंग सुरू झालं की हेडफोन लावून दिग्दर्शकाच्या शेजारी बसायचं आणि कुणी घसरलं की हात वर करायचा. माझा हात वर गेला की पन्नास माणसं थांबायची. त्याआधी एकोणतीस वर्षं नोकरी केली, पण माझ्या हातानं पंख्याशिवाय दुसरं काही थांबलं नव्हतं.

ती नोकरी टेलिफोन ऑपरेटरची. वारणेच्या काठावरच्या एका साखर कारखान्यात येणारा-जाणारा प्रत्येक फोन माझ्या बोर्डावरून जायचा. जोडून दिला की आपला कान काढून घ्यायचा हा नियम, आणि तो मी पाळला. पण लाइन लागली का हे बघायला क्षणभर ऐकावंच लागतं. तेवढ्या क्षणात माणूस कळतो. नाटकं-कादंबऱ्या वाचून कळला नसता एवढा कळतो, असं मी अभिमानानं म्हणते.

आमचे चेअरमन कधी स्वतःचं नाव सांगायचे नाहीत. "हां, पुण्याला लावा की," एवढंच. कार्यकारी संचालक शहरात शिकून आलेले, अगदी पुस्तकासारखं बोलणारे. पण चेअरमननी नुसतं "काय हाय?" म्हटलं की संचालकसाहेबांचं 'आहे' घशातच अडकायचं. गेटवरचा वॉचमनसुद्धा 'हाय'च म्हणायचा. म्हणजे 'हाय' मालकाचंही आणि चाकराचंही. मग कोण वरचा आणि कोण खालचा हे ओळखायचं कशावरून? माझ्या कानानं सांगते. मोठा माणूस आधी काम सांगतो. लहान माणूस आधी माफी मागतो. "साहेब कामात न्हाईत न्हवं? न्हाई, कामात असतील तर ऱ्हाऊ द्या." मोठा माणूस वाक्य अर्धं सोडतो, कारण उरलेलं दुसऱ्यानं समजून घ्यायचं असतं. लहान माणूसही अर्धं सोडतो, कारण उरलेलं म्हणायची हिंमत होत नाही. कागदावर दोन्ही वाक्यं सारखीच दिसतात.

आणखी एक. तोच वॉचमन साहेबांशी जी-जी करून फोन ठेवायचा आणि पाच मिनिटांनी त्याच फोनवरून बायकोला असा झापायचा की माझ्या कानाला झिणझिण्या यायच्या. एका माणसाला एकच बोली नसते. गोष्टी लिहिणारे इथंच फसतात. गरिबाला एक बोली चिकटवून देतात आणि मग ती त्याला झोपेतसुद्धा काढून ठेवू देत नाहीत. स्वतः मी तरी कुठं एकसारखी आहे? हे लिहिताना 'मी गेले' असं लिहिते आहे, दारात उभी राहून सांगायचं झालं असतं तर 'गेलतो' म्हटलं असतं.

दिग्दर्शकाचं नाव अद्वैत. वयानं माझ्या धाकट्या भाच्याएवढा, पण सेटवर सगळे 'सर' म्हणायचे म्हणून मीही म्हणायची. पोरगा मनानं सरळ. आमची पहिली बोलणी फोनवर झाली होती. प्रत्यक्ष भेटल्यावर तो म्हणाला, "मॅडम, आवाजावरून मला वाटलं तुम्ही पाटील वगैरे असाल." मी हसून सोडून दिलं. महिन्याभरानं ते वाक्य माझ्या कामी आलं.

झालं असं की चेअरमनच्या घरी गाद्या भरायला एक मुसलमान गादीवाला येतो, असा सीन आला. त्याच्या तोंडी लिहिलं होतं, "अरे भाभीजान, हम तुमको एकदम मखमल का गद्दा देगा!" मी नदाफ. आमचं खानदानच कापूस पिंजणाऱ्यांचं. अब्बांनी उभा जन्म मंगळवार पेठेत गाद्या भरण्यात घालवला. मी कागद अद्वैतसरांपुढं ठेवला आणि म्हटलं, असं आमच्यात कुणी बोलत नाही. घरात आम्ही आमची हिंदी बोलतो, ती या लिहिणाऱ्यानं आयुष्यात ऐकलेली नाही. गिऱ्हाइकाशी मराठीच. अब्बा म्हणायचे, "पावणं, कापूस जुना हाय, पर मेला न्हाई. पिंजला की उठतोय बघा."

"पण मॅडम," ते म्हणाले, "मग प्रेक्षकांना कळणार कसं, तो मुसलमान आहे ते?"

"फोनवर मी तुम्हाला कोण वाटले होते?"

ते लाजले. त्या दिवशी गादीवाल्याच्या तोंडी अब्बांचं वाक्य जसंच्या तसं गेलं. घरी गेल्यावर मी अब्बांच्या फोटोसमोर जरा वेळ उभी राहिले. फार बरं वाटलं.

चेअरमनच्या बायकोचं, वहिनीसाहेबांचं काम करणाऱ्या मृणालताई पुण्याच्या. नावाजलेल्या नटी, पण शिकायची तयारी दांडगी. आमच्याकडं बायकाही 'मी जातो, मी करतो' असं म्हणतात. ते त्यांच्या गळी उतरवायला चार दिवस लागले. वहिनीसाहेब मोठ्या घरच्या म्हणून त्या आवाज चढवून बोलायला लागल्या, तेव्हा मी हात वर केला. ज्या बाईचं घरात ऐकलं जातं तिला ओरडायचं काय कारण? तिनं नुसतं नाव घ्यायचं आणि थांबायचं. मृणालताईंनी ते असं उचललं की त्यांनी "तानी" म्हटलं की सेटवरचे चहावालेसुद्धा दचकून बघायचे.

तानी म्हणजे त्या घरातली कामवाली. आता मुळात सांगायची ती गोष्ट या तानीची.

तानीच्या कामासाठी सुवर्णाला घेतलं होतं. मुलगी गडमुडशिंगीचीच, कॉलेजात असताना नाटकाच्या स्पर्धांत बक्षिसं मिळवलेली. तिचं पहिलंच मालिकेतलं काम. तिची आई, मालन, रोज सकाळी कोल्हापुरात येऊन एका डॉक्टरांच्या बंगल्यात धुणीभांडी करायची. मुलगी टीव्हीवर दिसणार, याचं त्या घराला किती अप्रूप असेल ते सांगायला नको. सुवर्णा मला मावशी म्हणायची.

पहिल्याच दिवशी अद्वैतसर तिला म्हणाले, "जरा गावठी हवं. मोठ्यानं. तानी खेड्यातली आहे, तिनं घर डोक्यावर घेतलं पाहिजे."

मी हात वर केला. म्हटलं, कामवाली स्वतःच्या घरी घर डोक्यावर घेत असेल. दुसऱ्याच्या बंगल्यात तिचा आवाज बारीक होतो. तिथं ती भिंतीच्या कडेनं चालल्यासारखी बोलते.

"तुम्ही कशावरून म्हणता?"

माझी बढाई इथं आडवी आली. नुसतं सांगून भागलं असतं, पण मला सिद्ध करायचं होतं. म्हटलं, दाखवते. आणि त्याच संध्याकाळी सुवर्णाबरोबर तिच्या घरी गेले.

मालन दारातच ओरडत होती. "ए सुवर्णे, चपला तितं कशाला सोडल्यास? माझ्या डोस्क्यावर ठेव की!" मला बघून जीभ चावली आणि खळखळून हसली. "या की भाभी, बसा. पोरगी रोज नाव काढत्या तुमचं." काय तो आवाज! पाण्याच्या टाकीवरून हाक मारली तर शिवारात पोचावी. चहा झाला. मग मी विचारलं, मालन, बंगल्यात तुमच्या बाईंना उद्याची सुट्टी मागायची झाली तर कशी मागता? जरा बोलून दाखवा.

तिला गंमत वाटली. पदर सावरून उभी राहिली आणि समोरच्या कपाटाकडं बघून म्हणाली, "बाई… न्हाई, तुमी कामात असशीला तर ऱ्हाऊ द्या. न्हाई, म्हटलं उद्याच्याला जरा… पोरीचं जरा… म्हंजे सकाळचं सगळं आटपूनच जातो मी. तुमास्नी अडचण नसंल तरच."

आवाज एकदम अर्धा झाला होता. मान कलली, हात पोटाशी आले. वय दहा वर्षांनी वाढल्यासारखं दिसलं. बोलून झाल्यावर ती परत हसली, "झालं का तुमच्या मनासारखं?" मी खूश होते. माझा कान खरा ठरला होता. मी फोनवर ते सगळं रेकॉर्ड करून घेतलं. सुवर्णा चुलीपाशी उभी होती. तिनं तो आवाज जन्मात पहिल्यांदा ऐकला होता, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुवर्णा सेटवर त्याच आवाजात बोलली. हात पोटाशी, मान कललेली, वाक्यं अर्धी. अद्वैतसरांनी 'कट' म्हटलं. मग टाळ्या. मुंबईहून फोन आला, तानीचं काम वाढवा. चार ओळींची तानी महिन्याभरात रोजची झाली. लोक तिचे तुकडे फोनवर एकमेकांना पाठवायला लागले. एका मोठ्या नटानं म्हणे विचारलं, ही मुलगी मिळाली कुठं? अद्वैतसरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "श्रेय नदाफ मॅडमचं." मी नको-नको म्हटलं, पण ते वाक्य मी घरी जाऊन तीनदा सांगितलं.

दोनेक महिने असे गेले. मग एके दिवशी दुपारच्या जेवणाच्या वेळी सुवर्णा माझ्याजवळ येऊन बसली. ताट तसंच हातात.

"मावशी, आई आता मालिका बघत न्हाई."

"का गं?"

तिनं सांगितलं. बंगल्यात त्या दिवशी पाहुणे होते. मालन चहाचा ट्रे घेऊन आत गेली तेव्हा बाईंनी मोबाइलवर तानीचा सीन लावला होता आणि सगळे हसत होते. बाई म्हणाल्या, "थांब गं मालन, जरा बोल बघू तू. बघा, सेम आहे की नाही? लेकीनं आईचीच नक्कल केलीय!" मालनही हसली. चहा दिला, कप विसळले, घरी आली. तेव्हापासून ती मालिकेच्या वेळेला शेजारी जाऊन बसते.

"त्या बाईनी आजवर तिचा आवाज कधी ऐकलाच नव्हता, मावशी," सुवर्णा म्हणाली. "कामाला बाई आली, गेली, एवढंच. आता त्यास्नी कळलं ती कशी बोलत्या ते. आमीच दाखवलं."

तिनं 'आमी' म्हटलं हा तिचा मोठेपणा. रेकॉर्ड करायला मी गेले होते. एकोणतीस वर्षं मी लोकांचं बोलणं ऐकलं, पण ऐकलेलं बोर्डापुढं कधी गेलं नाही. आणि इथं एका बाईनं घरात, विश्वासानं, गंमत म्हणून जे दाखवलं ते मी उचलून चव्हाट्यावर मांडलं होतं. मला माझीच शरम वाटली.

माफी मागायला म्हणून मी एकटीच मालनकडं गेले. ती अंगणात भांडी घासत होती. मला बघून उठली, हात पुसले, पदर सावरला.

"मालन," मी म्हटलं, "माझं चुकलं. मी तुमचा आवाज असा…"

"न्हाई न्हाई मॅडम, तसं काय न्हाई," ती म्हणाली. "तुमी कशाला… म्हंजे पोरीचं चांगलंच झालं की… बसा, चहा… तुमास्नी उशीर हुत नसंल तर."

हात पोटाशी आले होते. मान कलली होती. पहिल्या दिवशी मी भाभी होते. आता तिच्या लेखी मी बंगल्यातल्यांपैकी एक झाले होते. मी चहा घेतला आणि गुपचूप रिक्षात बसून घरी आले. आयुष्यात मला पुष्कळ जण टाकून बोलले आहेत, पण त्या अर्ध्या वाक्यांइतकं काही लागलं नाही.

यावर उपाय काय करावा हे मला सुचत नव्हतं. तानीचा आवाज एकाएकी बदलता येत नाही, प्रेक्षक लगेच ओळखतात. सुवर्णानं काम सोडावं असं तर मी म्हणूच शकत नव्हते. तिच्यासाठी हे पहिलं दार उघडलं होतं, आणि पुढचं वर्षभर तानीची गोष्ट आखून ठेवलेली होती. ती मुकाट्यानं काम करत राहिली. मी मुकाट्यानं हेडफोन लावून बसत राहिले.

मग तो सीन आला. चेअरमनच्या घरातली एक आतली गोष्ट गावात फुटते. वहिनीसाहेबांना संशय येतो तो तानीचा. सगळ्या घरासमोर त्या तिला विचारतात, बाहेर कुणी सांगितलं? कागदावर तानीचं उत्तर होतं, "चुकलं, वहिनीसाहेब. पाया पडतो. पोटावर पाय देऊ नका." मग ती पायांवर कोसळते, वहिनीसाहेब मोठ्या मनानं माफ करतात. त्यात माझ्या कामाचं फारसं काही नव्हतं. मी दोन शब्द बदलले आणि कागद परत दिला. सुवर्णानं तो वाचला आणि घडी घालून कमरेला खोचला.

कॅमेरा सुरू झाला. मृणालताईंनी त्यांच्या पद्धतीनं नुसतं नाव घेतलं. "तानी." आणि थांबल्या.

सुवर्णा मान खाली घालून उभी होती. तिनं मान वर केली. हात पोटावरून सुटले. आणि तिनं जो आवाज काढला तो टाकीवरून शिवारात पोचणारा, दारात चपलांवरून ओरडणारा मालनचा आवाज होता.

"वहिनीसाहेब, ह्या घरातली गोष्ट मी भायेर नेली न्हाई. न्ह्यायची असती तर लई हुत्या. सात वर्सं भांडी घासालोय हितं, हात चालत्यात म्हणून कान काय बंद नसत्यात. समदं ऐकलं आन् गिळलं. आता तुमी इचारलंसा म्हणून सांगालोय. मी न्हाई बोललो. आन् जे केलं न्हाई त्यापायी पायबिय धरायचं मला जमायचं न्हाई."

ती ओरडली नव्हती. तिचा आवाज फक्त खोलीभर झाला होता. मृणालताई खऱ्या नटी, हलल्या नाहीत. हळूच मागच्या खुर्चीत बसल्या आणि तिच्याकडं बघत राहिल्या.

अद्वैतसरांनी जरा वेळानं 'कट' म्हटलं. चिडले नव्हते, गोंधळले होते. माझ्याकडं वळले. "मॅडम, हे बसतं का? कामवाली असं बोलेल?"

पन्नास माणसं माझ्याकडं बघायला लागली. मीच महिनोन् महिने त्यांच्या डोक्यात भरवलं होतं की बंगल्यात कामवालीचा आवाज बारीक होतो. त्या हिशेबानं माझा हात वर जायला हवा होता. 'नाही बसत' म्हटलं असतं तर पाच मिनिटांत सीन पुन्हा झाला असता, तानी पायांवर कोसळली असती आणि सुवर्णाचं वर्षभराचं काम शाबूत राहिलं असतं. 'बसतं' म्हटलं तर मी माझ्याच कानाशी खोटं बोलणार होते. सुवर्णा माझ्याकडं बघत होती. तिच्या डोळ्यांत विनवणी नव्हती, आणि त्यामुळंच जास्त अवघड झालं होतं.

मग मला आठवलं, असा आवाज मी ऐकला होता. बोर्डावर, एवढ्या वर्षांत दोन-तीनदा. खालच्या माणसाचा वरच्याशी बोलतानाचा पूर्ण, सरळ, न अडखळणारा आवाज. प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी त्या जागेवर दुसरा माणूस दिसला होता.

"बोलते," मी म्हटलं. "पण एकदाच. काम सोडायच्या दिवशी."

अद्वैतसर म्हणाले, "पण तानी काम सोडत नाहीये. तिचा ट्रॅक वर्षभर आहे."

"मग सोडू दे की, सर," सुवर्णा म्हणाली.

अर्धा तास मुंबईशी फोन चालला. सरांचं म्हणणं, पुन्हा करू आणि विसरून जाऊ. तेव्हा मृणालताई खुर्चीतून म्हणाल्या, "अद्वैत, हाच ठेव. एवढं ऐकून घेतल्यावर ती पाया पडलेली मला दाखवता येणार नाही." शेवटी तोच ठेवला. संध्याकाळच्या आत आणखी दोन शॉट झाले. तानी मागच्या दारानं चपला घालते, फाटकातून बाहेर पडते. झाली तानीची गोष्ट. सुवर्णानं तिचं लुगडं घडी घालून कपडेपटात परत दिलं.

मी तिला फाटकापाशी गाठलं. "पोरी, काय करून बसलीस गं?"

"आईनं बघाय पाहिजे, मावशी," ती म्हणाली. बाकी काही नाही.

तिला त्यानंतर एवढं मोठं काम मिळालेलं नाही. कोल्हापुरात नाटकं करते, मुलांची शिबिरं घेते, छान करते. पण मी तेव्हा हात वर केला असता तर आज ती कुठं असती, हा विचार मला सोडत नाही. ती म्हणते, सोडा की मावशी. मी सोडत नाही.

तो भाग लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी सुवर्णा मंगळवार पेठेत माझ्या घरी आली. धापा टाकत जिना चढली होती. मी म्हटलं, बस, पाणी पी. ती बसेना.

मालननं मालिका घरीच बघितली होती, गल्लीतल्या सगळ्या बायकांबरोबर. सकाळी उठून नेहमीसारखी बंगल्यात कामाला गेली. तिथं बाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काय गं मालन, काल तुझी पोर फारच चढ्या आवाजात बोलली."

मालन भांडी घासत होती. तिनं नळ बंद केला.

"चढ्या न्हाई, बाई. आमचा आवाज तेवढाच हाय."

आणि नळ पुन्हा सोडून भांडी घासायला लागली. घरी आल्यावर तिनं हे लेकीला सांगितलं, आणि लेक तशीच माझ्याकडं आली.

मी सुवर्णाला विचारलं, "कसं म्हणाली गं? म्हणून दाखव."

सुवर्णानं म्हणून दाखवलं. मी सवयीनं डोळे मिटून ऐकलं. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.